फिर्याद पोहोचते कोठवर?

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या गावातून, मग ते पवनीजवळ वैनगंगेच्या काठी वसलेले असो की तुमसरपलीकडे मँगनीजच्या खाणींच्या आसऱ्याने वाढलेले असो, एखाद्या अल्पवयीन मुलाच्या वा मुलीच्या लैंगिक शोषणाचे छायाचित्र कोणी समाजमाध्यमावर चढवले, तर त्याची पहिली खबर बहुधा गावच्या पोलीस पाटलाला लागत नाही, तालुक्याच्या ठाण्याला लागत नाही आणि भंडाऱ्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयालाही लागत नाही. ती लागते अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया नावाच्या शहरी. हरवलेल्या व शोषित बालकांसाठी १९८४ साली स्थापन झालेले एक राष्ट्रीय केंद्र तेथे आहे, आणि तेथील समाजमाध्यम कंपन्यांना असा मजकूर आढळला तर तो या केंद्राला कळवणे त्या देशाच्या कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक केलेले आहे. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने या केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारताशी संबंधित खबरी दिल्लीस येतात, दिल्लीहून मुंबईस महाराष्ट्र सायबर विभागाकडे जातात आणि तेथून त्या त्या जिल्ह्याकडे रवाना होतात. २०२० पासून ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ या नावाने महाराष्ट्रात जी धरपकड झाली, तिचा उगम या करारात आहे.

२०१९ या एका वर्षात त्या केंद्राकडे जगभरातून सुमारे १ कोटी ६९ लाख खबरी आल्या, त्यांपैकी १९ लाखांहून अधिक एकट्या भारताशी निगडित होत्या, आणि तो कोणत्याही देशाहून मोठा वाटा होता. २०२३ पर्यंत जगाची बेरीज ३ कोटी ६० लाखांच्या पलीकडे गेली. या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे, कारण एकच चित्रफीत हजार लोकांनी पुढे धाडली तर तिच्या हजार खबरी होऊ शकतात, आणि खबरींची संख्या ही पीडित बालकांची संख्या नव्हे. परंतु आपल्या अंगणातील मुलावर कोसळलेल्या आपत्तीची वार्ता सात समुद्रांपलीकडून, एका परदेशी कंपनीच्या यंत्राने टिपल्यावर आपल्यापर्यंत यावी, आणि ज्या घरात ती आपत्ती आली त्या घराला मात्र ती बोलून दाखवण्यास जवळची जागा सापडू नये, हे या आकड्यांपेक्षाही अधिक विचार करायला लावणारे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडायचे तर असे की बालकांच्या या शोषणाविरुद्ध आपल्याकडे कायद्याचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो तालुक्याच्या ठाण्यात तो कायदा पेलू शकणाऱ्या प्रशिक्षित हाताचा, साधनांचा आणि वेळेचा. ज्या जिल्ह्याने २२ एप्रिल १९८८ रोजी गोसेखुर्द धरणाच्या भूमिपूजनाचा सोहळा पाहिला आणि त्यानंतर धरण व कालवा यांच्याइतकीच शेवटच्या बांधीपर्यंत जाणारी पाटचारीही महत्त्वाची असते हे दशकानुदशके अनुभवले, त्या जिल्ह्याला ही गोष्ट उलगडून सांगण्याची आवश्यकता नसावी.

या विषयाची मराठी मुलखाच्या शेजारची पहिली मोठी साक्ष गोव्यातील आहे, आणि ती इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची आहे. मडगाव येथे ‘गुरुकुल’ नावाचे अनाथालय चालवणारा फ्रेडी पीट्स हा इसम एप्रिल १९९१ मध्ये पकडला गेला, तेव्हा झडतीत मुलांच्या शोषणाची २,३०५ छायाचित्रे आणि त्यांच्या निगेटिव्ह हाती लागल्या. ज्या मुलांना आश्रय देण्याच्या नावाखाली गोळा केले होते, त्यांनाच परदेशी गिऱ्हाइकांपुढे उभे केले जात होते. पुरावा इतका ढळढळीत असतानाही शासनाचे चाक आरंभी इतके मंद फिरत होते की शीला बारसे यांच्यासारख्या पत्रकार व कार्यकर्तीला त्याचा पिच्छा पुरवावा लागला. अखेर मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या प्रकरणाच्या जखमेतून गोव्याने स्वतःचा बालक अधिनियम २००३ साली केला आणि त्यात एक अत्यंत व्यवहारी तरतूद घातली: छायाचित्रांच्या फिल्म धुणाऱ्या व्यावसायिकाला आपल्याकडे आलेल्या फिल्ममध्ये बालकांचे असे चित्रण आढळले, तर त्याने पोलिसांना वर्दी दिलीच पाहिजे. अपराध्याला आपले चित्र पाहण्यासाठी कोणाच्या तरी अंधारखोलीतून जावेच लागते, आणि त्या खोलीच्या दारावर कायद्याचा पहारा बसवला तर तो सापडतो, हे मर्म गोव्याच्या कायदेकर्त्यांनी ओळखले होते. पुढे २०१२ च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम २० ने हेच कर्तव्य देशभरातील वृत्तमाध्यमे, हॉटेले, लॉज, रुग्णालये, क्लब आणि स्टुडिओ यांच्यावर घातले. अंधारखोली आता उरलेली नाही. छायाचित्रण, प्रक्षालन आणि वितरण ही तिन्ही कामे तळहाताएवढ्या यंत्रात मुलाच्या उशाशी होतात. म्हणून पहारेकऱ्याची जागा बदलली आहे, पण पहाऱ्याची गरज तीच आहे.

कायद्याचा आवाका किती मोठा आहे हे सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा हा केंद्रीय अधिनियम, ज्याला व्यवहारात ‘पोक्सो’ म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आला. एखाद्या बालकाचा लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे वारंवार पाठपुरावा करणे, आणि खऱ्या वा बनावट चित्राची धमकी देणे, हे दोन्ही त्यात अपराध आहेत; बनावट हा शब्द कायद्यात त्या वेळीच होता, म्हणून आज संगणकाने घडवलेल्या खोट्या चित्रांपुढे कायदा निरुत्तर होतो असे म्हणण्याचे कारण नाही. अश्लील चित्रणासाठी बालकाचा उपयोग करणाऱ्याला कमीत कमी ५ वर्षांची कैद आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६७ब तर त्याही आधीच्या पायरीला हात घालते: बालकाला फूस लावून लैंगिक हेतूच्या ऑनलाइन संबंधात ओढणे हाच तेथे अपराध ठरतो, चित्र काढले जाण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि असे चित्र स्वतःच्या यंत्रात बाळगून ‘मी ते कोणाला पाठवले नाही’ एवढा बचाव पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा उलट निर्णय फिरवून स्पष्ट केले.

इतके सारे असूनही दर वेळी एखादी भयंकर घटना घडली की अधिक कठोर शिक्षेची मागणी उठते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले, काही अपराधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा त्यात होती, परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या विधेयकामागील कळकळीविषयी मला शंका नाही. पण ज्याने मुलाला भ्रमणध्वनीवरून जाळ्यात ओढले तो शिक्षा किती वर्षांची आहे याचा हिशेब करत नाही. आपण सापडणार नाही, मूल बोलणार नाही आणि बोललेच तर ठाण्यात त्याचे कोणी ऐकून घेणार नाही, या विश्वासावर तो चालतो. तो विश्वास मोडणे हे शिक्षेचे काम नसून तपासाचे आहे.

तेव्हा ठाण्याच्या टेबलापाशीच जाऊन पाहू. लाखांदूर तालुक्यातील एक आई आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्यात आली आहे, असे समजा. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, घरात आजा-आजी, २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ऑनलाइन वर्गासाठी धानाच्या चुकाऱ्यातून घेतलेला एकच भ्रमणध्वनी. त्यावर कोणा अनोळखी माणसाने आधी मैत्री केली, मग चित्र मागितले, आणि आता तेच चित्र गावभर पाठवण्याची धमकी देऊन आणखी मागतो आहे. ठाणे अंमलदार वाईट माणूस असतो असे मुळीच नाही, पण त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघण्याचा संभव असतो तो असा: “पोरीले मोबाईल कायले देला, बाई?” त्या एका प्रश्नाने फिर्यादीची दिशा उलटते. आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, मुलगी जमिनीकडे पाहू लागते, आणि पुढचे अर्धे सत्य तिच्या घशातच राहते. कायदा सांगतो की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावे. आणि मुलाच्या सोबतीला साहाय्यक व्यक्ती द्यावी. या तरतुदी ज्यांनी लिहिल्या त्यांना मुलाच्या मनाची जाण होती. परंतु ज्या ठाण्यात महिला उपनिरीक्षक एखादीच असेल आणि तीही बंदोबस्ताला गेलेली असेल, तेथे त्या तरतुदी छापील पानावर राहतात.

त्याच टेबलावर दुसरी हानी होते ती पुराव्याची, आणि ती अज्ञानातून होते. आईने दाखवलेल्या खात्यावर एक टोपणनाव आणि एक फुलाचे चित्र असते. अंमलदार तेवढेच उतरवून घेतो, फार तर पडद्याचे छायाचित्र काढून त्याची छापील प्रत फिर्यादीला जोडतो. टोपणनाव आणि चित्र तासाभरात बदलता येते. बदलत नाही ते खात्याचे मूळ अभिज्ञान, त्याचा दुवा आणि त्यामागचा क्रमांक, आणि नेमके तेच कागदावर आलेले नसते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर पुष्कळ बंधने घातली: मजकूर काढून टाकला तरी तपासासाठी तो १८० दिवस जपून ठेवावा, अधिकृत मागणी आली तर ७२ तासांत माहिती द्यावी, नग्नतेच्या तक्रारीवर चोवीस तासांत मजकूर हटवावा. पण ही मागणी योग्य पत्त्यावर, योग्य कलमाखाली, नेमक्या खात्याच्या दुव्यासह गेली तरच कंपनीला ते उत्तर द्यावे लागते. अपुऱ्या तपशिलाचे पत्र परत येते, दुसरे पत्र जाते, आणि १८० दिवस हे फार मोठे अंतर वाटत असले तरी सरकारी टपालाच्या गतीने ते फार लवकर संपते.

पंचनाम्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. झडती आणि जप्तीच्या वेळी पंच लागतात, आणि ते बहुधा त्याच गावचे, त्याच बाजारपेठेतले असतात. चोरीच्या भांड्यांचा पंचनामा आणि बालकाच्या शोषणाच्या चित्राचा पंचनामा यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे. भांडे चार जणांनी पाहिले म्हणून भांड्याचे काही बिघडत नाही. यंत्र उघडून, चित्र पडद्यावर आणून, त्याचे वर्णन पंचांपुढे मोठ्याने सांगत लिहून घेतले गेले, तर ज्या अप्रतिष्ठेपासून वाचण्यासाठी मूल ठाण्यात आले ती ठाण्यानेच त्याच्या पदरी बांधली असे होते. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. यंत्र बंद अवस्थेत, लहरी अडवणाऱ्या पिशवीत मोहोरबंद करायचे. पंचांनी साक्ष द्यायची ती जप्तीची आणि मोहोरेची. आशयाची ओळख संचिकेच्या ‘हॅश’ क्रमांकाने, म्हणजे त्या संचिकेच्या अंकमुद्रेने, प्रशिक्षित तपासनीसाने करायची. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण त्या चित्रणात पीडित बालकाचा चेहरा किंवा ते चित्र येऊ नये याची लेखी कार्यपद्धती प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लागली पाहिजे.

फिर्याद येथवर नीट आली असे मानू. आता एक अडसर कायद्याचाच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ प्रमाणे त्या अधिनियमाखालील अपराधाचा तपास पोलीस निरीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी ठाण्यांचा कारभार सहायक पोलीस निरीक्षकाच्या हाती असतो. गुन्हा नोंदवून घेण्यास त्याला कसलीही आडकाठी नाही, हद्दीचे कारण सांगून तर कोणालाच फिर्याद परतवता येत नाही. पण ६७ब लावले की तपास जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. मग एक तर ते कलम न लावण्याचा मोह उत्पन्न होतो, किंवा मूल आणि त्याची आई यांना लाखांदूरहून भंडाऱ्याच्या खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. ज्या काळी संगणक हे दुर्मीळ आणि गूढ यंत्र होते, त्या काळी वरिष्ठ अधिकाऱ्याची अट शहाणपणाची होती. आज प्रत्येक गुन्ह्याच्या मुळाशी भ्रमणध्वनी असताना दर्जाची अट काढून तिच्या जागी प्रशिक्षणाची अट आणणे हेच सुज्ञपणाचे होईल. संबंधित परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उपनिरीक्षकेला हा तपास करता आला पाहिजे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. नव्या संहितेच्या कलम १९३ ने बलात्काराचे आणि पोक्सोमधील काही अपराधांचे तपास दोन महिन्यांत पूर्ण करण्याची मुदत घातली. त्या मुदतीत पोक्सोची कलमे ४, ६, ८ आणि १० आहेत, म्हणजे प्रत्यक्ष देहावरील अत्याचाराची. चित्रणासाठी बालकाचा उपयोग करण्याचे कलम १४ आणि असे चित्रण बाळगण्याचे कलम १५ त्यात नाही. प्रत्यक्ष अत्याचाराचा तपास तातडीने व्हावा याबद्दल दुमत असणार नाही. परंतु चित्राच्या अपराधाला मुदतीबाहेर ठेवण्यामागे तो कमी प्रतीचा अपराध आहे अशी जी समजूत दिसते ती वस्तुस्थितीला धरून नाही. देहावरचा अत्याचार एका दिवशी घडतो. चित्र मात्र जितक्या वेळा उघडले जाईल तितक्या वेळा तो अत्याचार नव्याने होतो, आणि तपास लांबला की त्या चित्राच्या प्रती वाढत जातात. येथे तर दिवसाचाही विलंब परवडत नाही. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, संसदेत या एका कलमाच्या दुरुस्तीचा आग्रह धरला तर जिल्ह्याच्या नावे एक चिरस्थायी काम जमा होईल.

या जिल्ह्याला विलंबाची किंमत ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनीजवळच्या मुरमाडी गावातील तीन लहान बहिणी बेपत्ता झाल्या आणि दोन दिवसांनी विहिरीत त्यांचे मृतदेह सापडले. पोक्सो अंमलात येऊन त्या वेळी जेमतेम तीन महिने झाले होते. त्या मृत्यूंचे कारण पुढे वादाचा विषय झाले, आणि त्यात मी येथे शिरत नाही. पण पहिल्या दिवसांत तपास ज्या तत्परतेने व्हायला हवा होता तसा झाला नाही या भावनेने लोक राष्ट्रीय महामार्गावर उतरले, आणि ठाण्याच्या अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली, एवढे सर्वांच्या स्मरणात आहे. आठ वर्षांनी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० बाळे दगावली. या दोन घटनांचा आपल्या विषयाशी थेट संबंध नाही. तरीही मी त्या आठवतो, कारण दोन्ही वेळी शोक अपार झाला, मंत्री आले, चौकश्या लागल्या, आणि यंत्रणेची कमतरता ही मुले गेल्यानंतर तपासली गेली. ऑनलाइन शोषणात मूल जिवंत असते, शाळेत जाते, जेवते, त्यामुळे हा शोक रस्त्यावर येत नाही. आणि रस्त्यावर न आलेल्या दुःखासाठी निधी मंजूर होणे फार अवघड असते.

ठाण्याइतकीच जबाबदारी ठाण्याबाहेर आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवरील अत्याचार २०१९ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ज्याला माहिती होती त्याने ती पोलिसांना कळवली का, हा प्रश्न न्यायालयात गेला. वर्दी न दिल्याबद्दलचा एका वैद्यकावरील गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि अपराधाची माहिती असूनही ती दडवणे हा स्वतंत्र व गंभीर अपराध असल्याचे बजावले. शिक्षक, मुख्याध्यापक, आशा सेविका, शिकवणीचा चालक, मोबाईल दुरुस्त करणारा दुकानदार या सर्वांना हे बंधन लागू आहे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात असे काही आढळले तर दुकानदाराचे स्थान गोव्यातील त्या फिल्म धुणाऱ्या व्यावसायिकाचेच होते; पण भंडारा, साकोली, तुमसरच्या बाजारातील किती दुकानदारांना हे कोणी समजावून सांगितले आहे?

आणि एक गोष्ट आपणा सर्वांना उद्देशून. एखाद्या मुलावरील अत्याचाराची चित्रफीत गावच्या व्हॉट्सॲप समूहावर येते; पाठवणारा संतापलेला असतो, ‘हा नराधम सापडेपर्यंत पुढे पाठवा’ असे त्याखाली लिहिलेले असते, आणि सज्जन माणसे सज्जन हेतूने ती पुढे धाडतात. हेतू कोणताही असला तरी त्या मुलाचे चित्र आणखी शंभर घरांत गेले, आणि पाठवणारा कायद्याच्या कचाट्यात आला. असे काही आले तर ते पुढे न पाठवता केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर कळवावे, तेथे या प्रकारची तक्रार आपले नाव न देताही करता येते. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. ज्याचे स्वतःचे चित्र बाहेर गेले आहे अशा अल्पवयीन मुलासाठी अमेरिकेतील त्याच केंद्राची ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे; तीत चित्र कोणालाही न दाखवता, त्याची अंकमुद्रा आपल्याच यंत्रावर तयार होते आणि सहभागी कंपन्या तेवढ्यावरून ते चित्र शोधून हटवू शकतात.

अब्रूच्या भयाने या घरांची तोंडे बंद होतात, हे मी जाणतो. आपल्या समाजाला हा झगडा नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली गेली, तेव्हा घरात सरकारने पाऊल टाकावे काय यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. ‘सुधारक’कार आगरकर कायद्याच्या बाजूने होते, लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला कसून विरोध केला. आज बालकाचा देह हा कायद्याच्या संरक्षणाचा विषय आहे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु घरातली गोष्ट ठाण्यात नेली तर घर बुडते, ही एकोणिसाव्या शतकातील समजूत मात्र अजून पुरती गेलेली नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर ती अधिक घट्ट आहे. चित्रध्वनीच्या सापळ्यात अडकवून पैसे उकळण्याच्या प्रकारांत पंधरा-सोळा वर्षांचे मुलगे अडकतात, आणि ‘मुलगा असून’ या दोन शब्दांच्या धाकाने ते घरी बोलत नाहीत. पोक्सो मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मुलाने चित्र स्वतः पाठवले असले तरी त्याच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, गुन्हा मागणाऱ्याचा आहे. आणि हे वाक्य बापाच्या तोंडून मुलाने एकदा जरी ऐकले असेल तर संकटाच्या रात्री तो बापाला उठवील.

पोलीस पाटलाचे पद महाराष्ट्राने १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने कायम ठेवले, आणि गावागावांत बाल संरक्षण समित्या असाव्यात असे शासनाचे धोरण आहे. या दोहोंना सायबर गुन्ह्याचे तंत्र शिकवण्याची गरज नाही. मुलाला काही न विचारता, यंत्राला हात न लावता, चित्र न पाहता, त्याला योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवायचे एवढेच त्यांनी शिकायचे आहे. मनोधैर्य योजना ऑक्टोबर २०१३ पासून आहे. पीडित बालकाला समुपदेशन आणि साहाय्य तिच्यातून मिळू शकते, हे सांगणारा माणूसही गावातच असला पाहिजे.

राहिला प्रश्न नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे, पण जप्त यंत्राचा तेथे जाऊन अहवालासह परत येण्याचा काळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, कारण विदर्भाच्या अनेक जिल्ह्यांचा मुद्देमाल त्याच दाराशी रांगेत उभा असतो. आणि लाखांदूरच्या त्या घरातला भ्रमणध्वनी एकच होता. त्यावर आजीच्या निराधार योजनेचे संदेश येतात, तेलंगणातून बापाचा फोन येतो, मुलीच्या शाळेचा समूह आहे. तो मुद्देमाल म्हणून गेला की घर मुके होते, आणि शेजारचे घर हे पाहून पुढच्या वेळी फिर्याद न देण्याचे ठरवते. वास्तविक पीडिताच्या यंत्राची तंतोतंत प्रतिमा काढून, तिची अंकमुद्रा नोंदवून, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडून, न्यायालयाच्या अनुमतीने मूळ यंत्र सुपुर्दनाम्यावर परत करता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागते ती प्रतिमा काढण्याची सामग्री आणि ती चालवणारी दोन माणसे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून ही सामग्री भंडाऱ्यात, आणि पाठोपाठ तुमसर व साकोलीत बसवावी, आणि ज्या दिवशी फिर्याद नोंदली त्याच आठवड्यात त्या आईच्या हाती तिचा भ्रमणध्वनी परत जावा, असा लेखी हुकूम पोलीस अधीक्षकांनी काढावा. गुन्ह्यासाठी वापरलेले आरोपीचे यंत्र मात्र खटला संपेपर्यंत मोहोरेतच राहिले पाहिजे, आणि खटला संपल्यावर त्यातील प्रत्येक प्रत न्यायालयाच्या देखरेखीखाली नष्ट झाल्याची नोंद त्या मुलाच्या घरी लेखी पाठवली गेली पाहिजे.